सेगोह, खरंच शेवटचा

बुखारा, १२ मार्च २००४

दिलोरम,

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. तुझ्या आईचे, आपल्या ओयीचे गुडघे दुखतात, तुझे बाबा, माझे उस्तो, नेहमीसारखे रागावतात आणि मी अजून इथेच आहे. हे शेवटचं वाचून तू हसशील. ‘नाव सफर, आणि आळी सोडून कधी गेला नाही,’ हे तुझंच वाक्य. आता सगळी आळी तेच म्हणते, फक्त तुझ्याइतक्या गोड आवाजात नाही.

कामाचं आधी सांगतो. तुझा कॉम्प्युटर मी वापरतो आहे. विचारलं नाही, कारण विचारायला तू नव्हतीस. तो तुझ्याच खोलीत खिडकीशी आहे आणि ओयीने त्यावर भरतकामाचं झाकण घातलंय, आत जणू कणीक फुगायला ठेवली आहे. उस्तो त्याला पेटी म्हणतात. तू त्यात सूर लिहायचा जो प्रोग्राम टाकून गेलीस तो मी धडपडत शिकलो. पण त्यात तंबूर नाही. यादीत पियानो आहे, तुतारी आहे, कुठली कुठली घंटासुद्धा आहे, आपला तंबूर नाही. म्हणून मी मँडोलिन निवडलं, तर आता उस्तोंचे वरचे सूर पडद्यावर लाल होतात. हे वाद्य इतकं वर जात नाही, असं प्रोग्रामचं म्हणणं. हा लाल रंग घालवायचा कसा, एवढं कळव.

आता खरं कारण. नवोईच्या संगीतशाळेला तंबुराचा शिक्षक हवा आहे. सोबत राहायला दोन खोल्या आणि दारात तुतीचं झाड. तिथले संचालक झोकिर सलिमोविच माझ्यासाठी सप्टेंबरपर्यंत थांबायला तयार आहेत, पण त्यांचा एकच प्रश्न: ‘फोतिहा झाली का?’ तू उस्तोंची फोतिहा, तो निघतानाचा आशीर्वाद, न घेता निघून गेलीस, आणि तिकडे पीटर्सबर्गला कोण विचारतंय म्हणा. इथे चहा ओतायच्या आधी विचारतात. उस्तोने कमरेला रुमाल बांधून ‘जा, तुझी वाट मोकळी’ म्हटलेलं नसेल, तर त्या वादकाला कोणी लग्नाला बोलावत नाही की पोर शिकायला पाठवत नाही. आणि मी तर पोरका आलो होतो या घरात. या घरचं मीठ खाऊन वाढलो. न सांगता उठून जायचं धैर्य तुझ्यात होतं, तू त्यांची मुलगी होतीस.

हिवाळ्यात मी उस्तोंना समोर बसून विचारलं. ते तंबुराच्या तारा पुसत होते.

“माझी सगळी वाट त्या पेटीत लिहून काढ,” म्हणाले. “लिहून झालं की मी स्वतः तुझ्या कमरेला रुमाल बांधीन.”

मला वाटलं, सुटलो. सहाच तर मकाम, सहा रागमाळा. पण दिलोरम, ते आज एक वाजवतात. मी लिहितो, वाचून दाखवतो. उद्या म्हणतात, “हे असं नाही,” आणि वेगळंच वाजवतात. बाकी पाच कसेबसे लिहून झाले, पण एकटा सेगोह मी किती वेळा लिहिला ते विचारू नकोस. फाइलींची नावं बघ म्हणजे कळेल: ‘सेगोह’, ‘सेगोह नवा’, ‘सेगोह शेवटचा’, आणि परवापासून ‘सेगोह, खरंच शेवटचा’.

तू त्यांना एक पत्र लिही. ते तुझं नाव घेत नाहीत, पण पत्र आलं तर ओयीकडून वाचून घेतील. त्यात फक्त एवढं लिही की सफरला सोडा.

सफर

*

बुखारा, २५ एप्रिल २००४

दिलोरम,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. लाल रंग बंद करायची खूण, आणि खाली ‘बाबा कसे आहेत?’ बाकी सगळा कागद कोरा. मी जे मागितलं होतं त्याबद्दल चकार शब्द नाही. ठीक आहे.

तू सांगितलंस तसं केलं आणि पडद्यावरचे सगळे सूर काळेशार झाले. मोठ्या आनंदाने उस्तोंना बोलावलं. ते आले, डोळे बारीक करून बघत राहिले.

“माझे लाल कुठे गेले?”

“घालवले, उस्तो. ती चूक दाखवत होती पेटी.”

“कसली चूक?”

“तिचं म्हणणं, हे सूर कोणाला वाजवता येत नाहीत.”

उस्तो कोचावर बसले आणि पोट धरून हसले. “मग वाजवतंय कोण, तुझा बाप? परत आण ते लाल. तेवढेच माझे आहेत. काळे काय, कोणीही वाजवेल.”

म्हणजे तुझा सल्ला वाया गेला. लाल परत आणले. आता ते रोज येऊन लाल किती आहेत बघतात, कोंबडीवाला सकाळी अंडी बघतो तसे. पाच रेघांवरच्या त्या सुरांना ते दोरीवर वाळत घातलेले जर्दाळू म्हणतात. पण उभ्या रेघा त्यांना खपत नाहीत. शेवटचा सूर त्यांना छातीत दम असेपर्यंत धरायचा असतो आणि प्रोग्राम प्रत्येक घराला मोजून मात्रा देतो. एक जास्त झाली की घेतच नाही. “हे कुंपण कोणी घातलं?” विचारतात. मी म्हणालो, “पेटीने.” तर म्हणाले, “पेटीला सांग, मी शेळी नाही.”

हे सगळं मी हसत लिहितोय, पण माझा जीव मेटाकुटीला आला आहे. सकाळी उठायचं, ते वाजवतील ते लिहायचं, दुपारी दाखवायचं, “असं नाही” ऐकायचं. अंगणातून दिसणारं आभाळ तेवढं माझं. परवा डफासारखा डोइरा वाजवणारा तोश-अका आला होता. तुला आठवतो ना, मिशीवाला, कोणाच्याही मयताला विनोद सांगणारा. मला लिहिताना बघून म्हणाला, “सफर, तू लिहून संपवशील तोवर नवोईत ते तुतीचं झाड वठलेलं असेल रे.” उस्तोही हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “घाई कसली आहे त्याला? कुठे जायचंय?”

कुठे जायचंय. मी त्यांच्यासमोर नवोईचं नाव किती वेळा घेतलं असेल. मला वाटतं, ते मुद्दाम करतात. मला अडकवून ठेवायला रोज सूर बदलतात. उस्तोंबद्दल असा विचारसुद्धा करू नये. पण केला.

आणखी एक. काल मी भाकरी आणायला तंदूरवाल्याकडे गेलो होतो. परत आलो तर पेटीवरच्या झाकणाची नक्षी उलटी. मी नेहमी डाळिंबाचा दाणा समोर येईल असं घालतो. पेटीला हात लावला तर गरम. ओयीला विचारलं. ती मनुका निवडत होती.

“मी काय करणार त्या पेटीला? धूळ पुसली,” म्हणाली.

धूळ पुसून पेटी तापत नाही. पण ओयीशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

तुझे बाबा बरे आहेत. विचारलंस म्हणून लिहिलं. खुंटीवरचा तुझा हिरवा रुमाल तिथेच आहे. ओयी झटकते अधूनमधून. मी हात लावत नाही.

सफर

*

बुखारा, १९ जून २००४

दिलोरम,

माझं आधीचं पत्र फाडून टाक. त्यात मी उस्तोंना लबाड म्हणालो होतो.

मला ती लबाडी पकडायची होती, खोटं कशाला बोलू. उस्तो आणि ओयी तिच्या बहिणीकडे गेले होते. मी सगळे सेगोह उघडले, पहिल्यापासून, आणि पडद्यावर एकाखाली एक लावले. कुठला सूर कधी बदलला ते काढायचं आणि त्यांच्यापुढे ठेवायचं, असं ठरवलं होतं. लबाडी सापडली असती तर फार बरं झालं असतं.

सूर बदलत नाहीत, दिलोरम. कमी होतायत.

औज आठवतो ना त्यांचा? सेगोह जिथे सगळ्यात वर चढतो ती जागा. पहिल्या फाइलीत ते चढतात, थांबतात, माणूस गावाकडे वळून बघतो तसे दोन सूर मागे येतात आणि मग पुन्हा चढतात. सगळे लाल सूर तिथेच. पुढच्या फाइलीत ते वळून बघणं नाही. त्याच्या पुढच्या फाइलीत थांबणं नाही. ‘खरंच शेवटचा’ म्हणून जो मी रोज दुरुस्त करत ठेवलाय, त्यात तर आता चढच नाही. दोन पायऱ्या, आणि लगेच खाली. एकही लाल नाही. आता कळतं, ते रोज लाल का बघायला येत होते.

आणि मी काय केलं? मी गुणी शागीर्द. प्रत्येक वेळी वरती ‘उस्तोंची नवी तऱ्हा’ असं लिहिलं. आपल्याकडे उस्तो चुकत नाहीत, नवं काढतात. शागिर्दाने तोंड उघडायचं नाही, मान डोलवायची. मी डोलवली, आळीने डोलवली. तुला हसू येईल, नाहीतर रडू येईल: परवाच्या लग्नात उस्तोंच्या जुन्या शागिर्दाने, कमालने, तोच आखूड सेगोह वाजवला. ‘हायित-उस्तोंचा नवा सेगोह’ असं सांगून वाजवला. लोक वाहवा म्हणाले. उस्तो पहिल्या रांगेत होते. तेही वाहवा म्हणाले.

हे कोणाला सांगू? त्यांना सांगणं म्हणजे शागिर्दाने उस्तोची चूक काढणं. ओयीला सांगायची गरज नाही. परवा ते चहात मीठ घालत होते तेव्हा तिने काही न बोलता पेला बदलला, त्यावरून समजलो की तिला माझ्याआधी माहीत आहे. लिखाण कधी पुरं होणार नाही, कारण रोज जे वाजतं ते कालच्यापेक्षा थोडकं असतं. पुरं झालं नाही तर फोतिहा नाही. आणि उद्या त्यांनी दिलीच, तरी अशा माणसाला टाकून मी कुठल्या तोंडाने जाऊ? तिन्ही बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला दार, त्या दारात तुझे बाबा बसलेत.

मला फार राग येतो आहे. कोणाचा ते कळत नाही, म्हणून तुझ्यावर काढतो. तू गेलीस तेव्हा भांडण कसलं होतं? तू त्यांच्या सुरांवर पेटीत नवं काही रचलंस, सगळ्या पाहुण्यांसमोर पेटीकडून वाजवून घेतलंस, आणि ते म्हणाले, “मढ्याला गायला लावलंस.” बस्स. त्या एका वाक्यावर तू चार वर्षं घराबाहेर आहेस. मला तर रोज तशी दहा वाक्यं मिळतात.

ये. निदान एकदा येऊन बघ.

सफर

*

बुखारा, १४ ऑगस्ट २००४

दिलोरम,

या वेळी तू लांब पत्र लिहिलंस. शाई जिथे पसरली आहे तिथलं मला वाचता आलं नाही, पण विचारणार नाही.

तुझी युक्ती मी आधी धुडकावली. ‘पहिला सेगोह छापून त्यांच्यापुढे ठेव आणि झालं म्हण, त्यांना कुठे वाचता येतं.’ उस्तोंना फसवायचं? मग नवोईहून झोकिर सलिमोविचचा फोन आला. शाळेला रंग लावून झाला होता आणि माझं नाव दाराच्या पाटीवर लिहायचं की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हणालो, “लिहा.”

म्हणून काल छापलं. कागदांचा गठ्ठा घेऊन अंगणात गेलो. उस्तो कलिंगड कापत होते.

“उस्तो, लिहून झालं.”

त्यांनी गठ्ठा हातात घेतला, वजन केलं, नानवाल्याची भाकरी तोलून बघावी तसं. पान उलटं धरलं होतं. मग म्हणाले, “वाजव.”

हे मी धरलंच नव्हतं. पेटी त्या पहिल्या फाइलीतलं जसंच्या तसं वाजवणार, आणि जे हरवलंय ते त्यांच्या कानावर पडणार. नाही म्हणायला जागा नव्हती. खोलीत गेलो, झाकण काढलं, ते तुझ्या खुर्चीवर बसले आणि ओयी दारात उभी राहिली. मी वाजवायची कळ शोधेपर्यंत ओयी मागून म्हणाली, “ती लांबडी कळ दाब.”

तिला लांबडी कळ ठाऊक आहे. म्हणजे झाकण उलटं का व्हायचं ते कळलं ना तुला? मला कळलं. नंतर तिने कबूल केलं. मी घराबाहेर पडलो की ते खोलीत येतात आणि म्हणतात, “त्या पोरीचं लाव.” तू जे रचून, नाव न देता टाकून गेलीस ते. मढ्याचं गाणं. तूच जाण्याआधी आईला ती एक कळ शिकवून गेलीस, बाकी काही नाही.

तर सेगोह सुरू झाला. मँडोलिनचा तो टिणटिण आवाज. उस्तो मान खाली घालून ऐकत होते. औज आला. चढला, थांबला, वळून बघितलं, पुन्हा चढला. उस्तोंचा उजवा हात मांडीवर होता. त्याची तर्जनी हलायला लागली, बोटात नखी असावी तशी, आणि वळून बघायच्या जागी ती थांबली. बोटाला वाट आठवत नव्हती. पेटी पुढे गेली, बोट तिथेच राहिलं.

संपल्यावर त्यांनी विचारलं, “कोण आहे हा?”

“तुम्ही, उस्तो.”

बाहेर कलिंगडावर माश्या बसल्या होत्या, ओयी हाकलायला गेली नाही.

“चांगला वाजवायचा,” म्हणाले.

मला रडू आलं. मी पडद्याकडे तोंड करून बसलो. ते उठले, दाराशी जाऊन ओयीला म्हणाले, “शुक्रवारी ओशाचा पुलाव कर. तोशला बोलाव, जुन्या माणसांना बोलाव. झालं आता. फोतिहा देऊन टाकू.” आणि मला, “रुमाल आण. रेशमी आण, चिंधी नको.”

आणला. जांभळ्या काठाचा. डोक्याला नवी दोप्पीही घेतली आणि नवोईला कळवलं. पिशवी भरून ठेवली आहे. त्यांना सोडून जाणं जड जाणार हे खरं, पण दिलोरम, रस्त्याच्या विचाराने मला काल रात्रभर झोप नाही. वाईट दिसतं का हे? दिसू दे.

सफर

*

बुखारा, २२ ऑगस्ट २००४

दिलोरम,

झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मला लिहिता येणार नाही.

अंगण पाण्याने शिंपलं होतं. सगळी जुनी माणसं आली. मी नवी दोप्पी घालून, छातीवर हात ठेवून, मधोमध उभा. रुमाल तबकात. तोश-अका कानात म्हणाला, “पोट आत घे, गाठ बसायची नाही.” उस्तो उठले, रुमाल उचलला. मी वाकून दोन्ही हात पसरले.

ते माझ्या शेजारून पुढे गेले.

मला वाटलं, नजर चुकली. पण ते सरळ घरात शिरले, तुझ्या खोलीत. ओयी मागोमाग. मग आम्ही सगळेच दारापाशी जमलो. त्यांनी झाकण काढून घडी घातली, बाजूला ठेवलं. मग तो माझा रेशमी रुमाल पेटीच्या पोटाभोवती फिरवला आणि पुढे गाठ मारली. नीट, ओढून. तोश-अका मिशीत हसला, एकदोघांनी घसा खाकरला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बघायचं नाही.

उस्तोंनी ओंजळ वर केली.

“पोरी,” म्हणाले, “तू निघालीस तेव्हा मी अडवलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. आज म्हणतो. जिथे आहेस तिथे राजीखुशीने राहा. तुझी वाट मोकळी.”

तोश-अकाचं हसू जिथल्या तिथे थांबलं. सगळ्यांच्या ओंजळी वर गेल्या, चेहऱ्यावरून फिरल्या. ‘ओमीन.’ मीही फिरवली. सवय, दुसरं काय. ओयी उंबऱ्यावर बसली होती आणि तिला कोणी उठवलं नाही.

नंतर ओश वाढला. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. शेवटी तोश-अकानेच घास पुढे केला. “खा रे सफर. पेटी काही ओश खाणार नाही.”

मला तुझ्याबद्दल आनंद झाला असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. नाही झाला. मी जळलो. इतकी वर्षं त्यांच्या हातात पेला देणारा मी, आणि रुमाल तुला. तू न विचारता गेलीस, तुला फोतिहा मिळाली. मी विचारत राहिलो.

आज सकाळी त्यांनी मला बोलावलं. डोळे स्वच्छ होते, असे दिवस अजून येतात.

“रागावलास.”

“नाही, उस्तो.”

“रागाव. मी काय विसरतो ते मला माहीत नाही, पण विसरतो एवढं माहीत आहे. फोतिहा दिलेला शागीर्द उस्तोच्या घरात राहत नाही, ही रीत आहे. तुला दिली की तुला जावं लागेल. मग पुढचा सूर मला कोण सांगेल?”

एवढं सरळ ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी पिशवी सोडली आणि कपडे परत खुंटीला लावले.

“आणि ती पेटी पाठवून दे तिच्याकडे,” मागून म्हणाले. “आता ती इथे राहणं बरं नव्हे.”

सफर

*

बुखारा, ३० ऑक्टोबर २००४

दिलोरम,

पेटी तोश-अकाच्या भाच्याबरोबर पाठवली आहे, तो मॉस्कोच्या गाडीवर कामाला आहे, तिथून पुढे तुझ्याकडे पोचवील. फक्त पेटी. पडदा इथेच ठेवला, ओयीला त्यावर झाकण घालायला काहीतरी हवं. रुमाल सोडू नकोस म्हणून उस्तोंनी बजावलं होतं, तसाच बांधलेला आहे. गाठीवर मी सुताची दोरी गुंडाळली आहे. तो रुमाल मी माझ्यासाठी आणला होता, हे तुला ठाऊक असू दे.

नवोईत दुसरा शिक्षक आला. झोकिर सलिमोविच फोनवर चांगलं बोलले, पाटी मात्र बदलली म्हणाले. सगळ्या फाइलींची सीडी काढून ठेवली आहे, पण ती लावू कुठे? तंदुरात?

पेटी जायच्या आधी पहिला सेगोह मी तिच्याकडून पाठ करून घेतला, लाल सुरांसकट. आता रोज सकाळी चहानंतर तो उस्तोंसमोर वाजवतो. औजाला ते डोळे मिटतात. परवा संपल्यावर म्हणाले, “कोणी शिकवलं तुला हे?”

“तुम्ही, उस्तो.”

“मी?” म्हणाले. मग विचारलं, “मग फोतिहा दिली का तुला?”

दिलोरम, अंगणात आम्ही तिघंच होतो. ओयी मनुका निवडत होती, तिने मान वर केली नाही. मी ‘दिली’ म्हणालो असतो, तर ते तेच सगळ्यांना सांगत फिरले असते आणि उस्तोंच्या शब्दावर कोणी शंका घेतली नसती. ओयीनेही मला उघडं पाडलं नसतं, हे तिच्या न बघण्यावरून कळत होतं. एक शब्द, आणि दुपारच्या बसने मी बाहेर.

“नाही, उस्तो,” म्हणालो.

“मग बस,” म्हणाले. “औज पुन्हा घे.”

आता ते रोज विचारतात. रोज पहिल्यांदा विचारल्यासारखं. रोज तो शब्द माझ्या जिभेवर येतो आणि रोज मी तो गिळतो. हे किती दिवस जमेल ते मला माहीत नाही. मी काही संत नाही, तुला माहीत आहे.

पेटी पोचली की चालू कर. ‘सेगोह, खरंच शेवटचा’ उघडू नकोस, त्यात काही उरलेलं नाही. नुसतं ‘सेगोह’ नावाचं जे सगळ्यात खाली आहे ते उघड. ते पाठ कर, लाल जागा नीट कर, वळून बघायची जागा तर फारच नीट. आणि बर्फ पडायच्या आत ये. त्यांच्याशेजारी बस आणि ते थांबले की पुढचा सूर सांग. ते तुला ओळखतील की नाही ते मी सांगू शकत नाही. सूर ओळखतील.

तू आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं की मी ‘दिली’ म्हणेन. तोवर ‘नाही’ म्हणतो. उद्याही म्हणेन.

सफर